गोळीला कसं कळतं कुठे जायचं ते?

केतकी
डोकेदुखीची गोळी, रक्तदाबाची गोळी, ॲसिडिटीची गोळी, सगळ्या एकाच घशातून खाली जातात. पुढे प्रत्येकीला आपापला पत्ता कसा सापडतो? शाळेत हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड यांच्या आकृत्या काढून नावं दिली, पण औषध त्या अवयवात जाऊन नेमकं काय करतं हे कुणी सांगितलं नाही.

कुणी कुठली गोळी घ्यावी हा सल्ला मला नकोय, आतली प्रक्रिया समजून घ्यायची आहे. त्यातूनच आणखी दोन प्रश्न निघतात. काही औषधं पाच मिनिटांत काम करतात आणि काहींना महिना का लागतो? आणि रक्तदाबाच्या गोळीने खोकला का यावा? रक्तदाबाचा आणि खोकल्याचा काय संबंध? जाणकारांनी सवडीने लिहा, घाई नाही.

पानगळ
मस्त विषय. वाचतेय.

खलबत्ता
मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: गोळीला काहीच कळत नाही. ती विरघळते, बहुतेक वेळा लहान आतड्यातून रक्तात शिरते, आधी यकृतातून जाते (तिथे बऱ्याच औषधांचा मोठा हिस्सा नष्ट होतो) आणि उरलेलं औषध रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. आराम करत असताना सगळं रक्त शरीरभर फिरून यायला साधारण एक मिनिट लागतं. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेली गोळी कानाच्या पाळीतही जाऊन आलेली असते.

नुसतं पोचून काही होत नाही, औषध कुठेतरी चिकटावं लागतं. पेशींवर आणि पेशींच्या आत ठरावीक घडणीची प्रथिनं असतात: रिसेप्टर (संदेश झेलणारी), एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी), क्षार आत-बाहेर नेणारे पंप. ज्या प्रथिनावर औषधाचा रेणू नीट बसतो, तिथेच त्याचं काम होतं. बाकी ठिकाणाहून तो काही न करता निघून जातो.

एकच उदाहरण नीट बघू. हृदयाच्या स्नायूंवर प्रामुख्याने बीटा-१ रिसेप्टर असतात आणि श्वासनलिकांच्या स्नायूंवर बीटा-२. ॲड्रेनलीन दोन्हींवर बसतं, त्यामुळे घाबरल्यावर छाती धडधडते आणि श्वासनलिकाही रुंदावतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधलं. ते रिसेप्टरच्या खुर्चीत जाऊन बसतं, पण स्वतः काही काम करत नाही आणि ॲड्रेनलीनला बसू देत नाही. ठोके कमी होतात, हृदयाची ऑक्सिजनची गरज घटते, छातीत कळ येणं कमी होतं. १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

पण प्रोप्रॅनोलॉल बीटा-२ वरही बसतं. त्यामुळे दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्याने आवळू शकतात, अगदी जीवघेण्या. म्हणून पुढे ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी मुख्यतः बीटा-१ वर बसणारी औषधं आली. 'मुख्यतः' म्हटलं, कारण मात्रा वाढवली की हा भेद पुसट होतो.

दुष्परिणाम म्हणजे औषधाची वाट चुकली असं लोकांना वाटतं. पुष्कळदा तसं नसतं. तोच रेणू तेच काम दुसऱ्या जागी करत असतो. औषध आणि त्याचा दुष्परिणाम असे दोन वेगळे विषय शिकूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

दर्यासारंग
वा! 'कानाच्या पाळीत' वाचून एकदम डोक्यात उजेड पडला.

वारूळ
खोकल्याचं मी सांगतो, माझा आवडता किस्सा आहे.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. त्याच्या विषातल्या घटकांचा अभ्यास करताना कळलं की ते एसीई नावाचं एन्झाइम अडवतात. हे एन्झाइम अँजिओटेन्सिन-२ बनवतं. अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. एन्झाइम अडवलं की वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. विषातल्या रेणूवरून धडा घेऊन प्रयोगशाळेत कॅप्टोप्रिल बनलं आणि १९८१ मध्ये बाजारात आलं. एनालाप्रिल, रामिप्रिल त्याच घराण्यातली.

आता खोकला. हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचे तुकडेही करत असतं. एन्झाइम बंद, म्हणजे ब्रॅडिकायनिन साचतं. ते फुप्फुसात साचलं की श्वासमार्गातले मज्जातंतू चाळवतात आणि कोरडा, घसा खवखवणारा खोकला सुरू होतो. त्यावर खोकल्याचं औषध घेऊन उपयोग नाही. कुणाला फार त्रास झाला तर डॉक्टर लोसार्टान, टेल्मिसार्टान या गटातलं औषध देतात. ती एन्झाइमला हात लावत नाहीत, अँजिओटेन्सिन ज्या रिसेप्टरवर बसतं ती जागा अडवतात. त्यामुळे ब्रॅडिकायनिनची विल्हेवाट नेहमीसारखी लागत राहते.

केतकी
वारूळ, म्हणजे खोकला हा त्या गोळीच्या कामाचाच पुरावा! खलबत्ता ताईंचा मुद्दा आता नीट कळला.

वारूळ
पुरावा नको म्हणू या. खोकला आला नाही म्हणजे गोळी काम करत नाही, असा उलटा अर्थ कुणी काढेल. बहुतेकांना खोकला येत नाही आणि दाब मात्र उतरतो.

चकवा
माहिती छान आहे, पण मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाही. ही औषधं आजार बरा करतात कुठे? दाबून ठेवतात. एकदा गोळी सुरू झाली की आयुष्यभर. शरीराला स्वतः सुधारायची संधीच मिळत नाही. शिवाय एका गोळीने दुसरं दुखणं, त्यासाठी तिसरी गोळी. माझ्या काकांचे पाय अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने सुजले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी दिली. सूज तशीच राहिली, वर युरिक ॲसिड वाढून अंगठा ठणकायला लागला.

रात्रपाळी
चकवा, काकांचं वाचून वाईट वाटलं. पण 'दाबून ठेवतात' हे असं सोडून देता येणार नाही.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. गोळ्या बंद केलेले रक्तदाबाचे रुग्ण आमच्याकडे येतात ते बहुधा अर्धं अंग गेल्यावर. "काही त्रासच नव्हता हो" हे वाक्य नातेवाइकांकडून किती वेळा ऐकलंय. त्रास नव्हता, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. आणि बीटा ब्लॉकर (प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा रिसेप्टर अडवणारी औषधं) तर कधीच एकदम थांबवू नयेत. रिसेप्टर दीर्घकाळ अडवले की हृदय त्यांची संख्या वाढवून ठेवतं. गोळी अचानक गेली की त्या वाढलेल्या रिसेप्टरांवर ॲड्रेनलीन तुटून पडतं.

आता हृदय थकलेला रुग्ण डोळ्यासमोर आणा. फुप्फुसात पाणी भरलंय, आडवं होता येत नाही, पलंगाची कड धरून बसलाय, दोन शब्दांमागे एक श्वास. शिरेतून फ्युरोसेमाइड देतो. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत घेतात. परत घेण्याच्या वाटेवर, मूत्रपिंडातल्या बारीक नळीच्या 'हेन्लेचं वळण' नावाच्या भागात, सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड उचलणारा वाहक असतो, त्याला हे औषध अडवतं. मीठ नळीतच राहतं आणि पाणी मिठामागे जातं. काही मिनिटांत लघवीची पिशवी भरायला लागते. थोड्या वेळाने तोच माणूस पूर्ण वाक्य बोलतो. त्या वेळी मी मॉनिटरपेक्षा त्याच्या वाक्यांच्या लांबीकडे जास्त बघते. मिठाबरोबर पोटॅशियमही जातं, म्हणून आमची रक्ततपासणीची धावपळ. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाची लय बिघडते.

भूपाळी
रात्रपाळी, तुम्हाला मनापासून नमस्कार.

खलबत्ता
चकवा, तुमच्या दोन मुद्द्यांपैकी एक शंभर टक्के खरा आहे. अम्लोडिपिन धमन्यांच्या बारीक फांद्या सैल करतं. शिरांकडची बाजू तेवढी सैल होत नाही, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून घोट्याशी पाणी झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी आलेलं असतं. त्यामुळे लघवी वाढवून ती सूज फारशी उतरत नाही, आणि लघवी वाढवणाऱ्या अनेक गोळ्या युरिक ॲसिड वाढवतात. तिथे मात्रा कमी करणं, औषध बदलणं किंवा एसीई अडवणारं औषध जोडणं हा मार्ग असतो. हे शेवटचं औषध शिरांची बाजूही सैल करतं, त्यामुळे सूज कमी होते. नवं लक्षण आलं की आधी चालू औषधांकडे संशयाने बघायचं, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यापासून सांगते.

दुसरा मुद्दा मला मान्य नाही. 'औषध आजार बरा करतं का' याचं उत्तर आजाराप्रमाणे बदलतं. पोटाच्या अल्सरचंच घ्या. वर्षानुवर्षं लोक ॲसिड कमी करणारी औषधं घ्यायचे आणि अल्सर परत यायचा. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचं दाखवलं. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. आता जिवाणू मारला की बहुतेकांचा अल्सर जातो, गोळी संपते. थायरॉईड कमी असेल तिथे जे शरीर बनवत नाही तेच बाहेरून दिलं जातं. त्याला दाबणं म्हणता येईल का? १९२२ पूर्वी टाइप-१ मधुमेह झालेलं मूल वाचत नसे. इन्सुलिन आलं आणि तीच मुलं मोठी होऊन संसार करू लागली. आजार बरा झाला नाही, माणूस जगला. मला हे फार मोठं वाटतं.

चकवा
इन्सुलिनवर वाद नाही. पण वजन, मीठ, चालणं यावर आधी जोर द्यावा, हे माझं मत कायम.

खलबत्ता
जोर द्यावाच. आणि तो गोळी सुरू असतानाही द्यावा. काहींची मात्रा त्याने खरोखर कमी होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

गणितवेडा
वेळेच्या प्रश्नावर. औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. रोज तीच मात्रा घेत राहिलं तर साधारण पाच अर्धायुष्यांनी पातळी स्थिरावते. थायरॉक्सिनचं अर्धायुष्य सुमारे सात दिवस. पाच साते पस्तीस. म्हणून मात्रा बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात. दहाव्या दिवशी केलेल्या तपासणीवरून मात्रा ठरवण्यात अर्थ नाही.

पण माझी अडचण अशी: ॲसिडिटीवरच्या ओमेप्राझोलचं अर्धायुष्य एखाद्या तासाचं आहे असं वाचलं. मग ते दिवसातून एकदाच कसं पुरतं? गणित जुळत नाही.

खलबत्ता
फार चांगला प्रश्न. गणित जुळत नाही, कारण तुम्ही औषधाचं आयुष्य मोजताय. तिथे मोजायचं ते पंपाचं.

ओमेप्राझोल ज्या रूपात गिळतो त्या रूपात निष्क्रिय असतं. रक्तातून ते जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींपर्यंत येतं. त्या पेशींच्या बारीक नळ्यांमध्ये तीव्र आम्ल असतं. तिथे ते साठतं, आम्लामुळेच त्याचं रूप बदलतं आणि आम्ल सोडणाऱ्या पंपाला ते कायमचं जखडून टाकतं. औषध रक्तातून निघून गेलं तरी तो पंप मेलेलाच. पेशीने नवीन पंप बनवेपर्यंत परिणाम टिकतो.

यातूनच गोळी घेण्याचा नियम येतो. पंप जेवताना कामाला लागतात आणि जखडले जातात ते चालू पंपच. म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जेवण झाल्यावर जळजळ सुरू झाली म्हणून घेतली तर निम्मी संधी गेलेली असते. सगळे पंप एकाच वेळी चालू नसतात, त्यामुळे पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात. आणि ती चावायची किंवा कुटायची नाही. वरचं आवरण फोडलं तर जठरातल्या आम्लात ती वाटेतच निकामी होते.

ॲस्पिरिनचंही तसंच. रक्तातून ते लवकर जातं, पण प्लेटलेटमधल्या (रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांमधल्या) एन्झाइमला कायमचं बिघडवून जातं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही. तिचं आयुष्य असतं ७ ते १० दिवस, तेवढे दिवस ती गुठळीला पूर्वीसारखी मदत करू शकत नाही. म्हणूनच छोटीशी गोळी रोज एकदा पुरते, आणि शस्त्रक्रियेआधी "ॲस्पिरिन घेता का?" हे आवर्जून विचारतात.

दर्यासारंग
म्हणजे काही औषधं दार लावून निघून जातात आणि काही दाराशी उभी राहतात. जमलं.

तिसरी घंटा
दम्याबद्दल लिहिते, घरातला विषय आहे. माझ्या धाकट्या भावाला दोन इनहेलर दिलेत. साल्ब्युटामोल बीटा-२ वर बसून श्वासनलिकेचा स्नायू सैल करतं, पाच मिनिटांत मोकळं वाटतं आणि चार ते सहा तास टिकतं. दुसरा स्टेरॉइडचा. तो घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, म्हणून तो भावाच्या टेबलावर धूळ खात पडायचा.

शेवटी एका डॉक्टरांनी कागदावर श्वासनलिका काढून दाखवली. बाहेरून आवळणारा स्नायू आणि आतून सुजलेलं अस्तर. पहिलं औषध स्नायूवर काम करतं, दुसरं अस्तरावर. स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन दाह वाढवणाऱ्या जनुकांचं काम कमी करतं, आणि त्याला दिवस-आठवडे लागतात. पहिल्यानेच भागवलं तर मोकळं वाटत राहतं आणि आत सूज वाढत जाते. जागतिक मार्गदर्शिकेत २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना फक्त आराम देणाऱ्या इनहेलरवर ठेवू नये असं सांगितलंय.

एवढं कळल्यावर भावाला आठवण करून द्यावी लागली नाही. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते, हेही त्याला कारणासकट सांगितलं.

पानगळ
नैराश्याच्या गोळ्यांचंही असंच ना? मैत्रिणीला डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन-चार आठवडे धीर धर.

खलबत्ता
हो, पण तिथे कारण जास्त गुंतागुंतीचं आहे. मज्जापेशींच्या फटीतलं सेरोटोनिन (निरोप पोचवणारं रसायन) परत उचलणारा वाहक काही तासांतच अडवला जातो. मनावरचा परिणाम मात्र आठवड्यांनी दिसतो. म्हणजे नुसतं सेरोटोनिन वाढणं हे पूर्ण उत्तर नाही. त्यानंतर रिसेप्टर आणि मज्जापेशींचे जोड हळूहळू बदलतात आणि त्यावर संशोधन चालू आहे. मैत्रिणीला सांगा, मळमळ, बेचैनी असे त्रास आधी येतात आणि बरं वाटणं नंतर येतं. पहिल्या पंधरवड्यात सोडून देणारे पुष्कळ असतात. मन जास्तच बिघडतंय असं वाटलं तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

वारूळ
अवांतर: छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरिनची गोळी आणि डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरिन एकच. आल्फ्रेड नोबेल यांना त्यांच्या हृदयविकारावर तेच औषध सांगितलं होतं. पुढे कळलं की ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिन्या सैल करतं. त्या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला १९९८ चं नोबेल! जिभेखाली का? तिथून ते थेट रक्तात जातं. गिळलं तर यकृत जवळजवळ सगळं संपवून टाकतं.

रात्रपाळी
आणि ती बसून घ्यावी. उभ्याने घेतली की दाब उतरून भोवळ येते. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल तर लाजू नका, आधी सांगा. दोन्ही मिळून दाब धोकादायक खाली जातो.

भूपाळी
मूत्रपिंडाचा विषय निघाला म्हणून एक विचारते. वेदनाशामकांनी मूत्रपिंड खराब होतं म्हणतात. पण दुखण्याची गोळी मूत्रपिंडात करते काय?

खलबत्ता
इथेही 'तेच काम दुसऱ्या जागी'. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामकं शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनू देत नाहीत. दुखऱ्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन दुखणं वाढवतं. जठरात ते अस्तराचं रक्षण करतं. मूत्रपिंडात ते गाळणीकडे येणारी वाहिनी रुंद ठेवतं. गोळी तिन्ही जागी ते कमी करते.

निरोगी, पाणी नीट पिणाऱ्या माणसाला ती दोन दिवस घेतल्याने सहसा काही होत नाही. पण एसीई किंवा अँजिओटेन्सिन अडवणारी गोळी गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करते. लघवीच्या गोळीने पाणी कमी झालेलं असतं. त्यात वेदनाशामकाने आत येणारी वाहिनी आवळली, की गाळणीतला दाबच संपतो. उलट्या-जुलाब होत असतील तर आणखी लवकर. या तिन्ही गोळ्या एकत्र हा मूत्रपिंडाचा ओळखीचा घातक योग आहे. रक्तदाबाची औषधं चालू असताना वेदनाशामक मनाने घेऊ नये, ते यासाठी.

केतकी
हे आमच्या घरी लगेच तपासायला हवं. नोंद करून ठेवली.

गणितवेडा
केतकीच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. गोळी सगळीकडे जाते हे पटलं. मग औषध हव्या त्या जागीच पाठवता येतं का?

खलबत्ता
बरेच मार्ग निघालेत. इनहेलरचं वर आलंच: थेट फुप्फुसात दिल्यामुळे अगदी थोडी मात्रा पुरते. दुसरा मार्ग म्हणजे औषध सगळीकडे जाऊ द्यायचं, पण जागं व्हायचं ते एकाच ठिकाणी. नागिणीवर देतात त्या असायक्लोव्हिरला कामाला लावणारं एन्झाइम विषाणू स्वतःच बनवतो. त्यामुळे विषाणू शिरलेल्या पेशीतच ते जागं होतं, निरोगी पेशीतून जवळजवळ तसंच बाहेर पडतं. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतलं हे काम मला औषधशास्त्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. पेनिसिलिनचीही युक्ती तशीच: ते जिवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाही आणि आपल्या पेशींना भित्तिकाच नसते.

पण पूर्ण बंदोबस्त क्वचितच होतो. काचबिंदूवर टिमोलॉलचे थेंब देतात, तोही बीटा ब्लॉकर. थेंब डोळ्यातून अश्रुनलिकेने नाकात उतरतो, नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जातो आणि यकृत वाटेत लागतच नाही. एवढ्याशा थेंबाने दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो. डोळ्याच्या डॉक्टरांनाही दमा आहे हे सांगावं लागतं, ते याचसाठी.

तिसरी घंटा
बाप रे, हे माहीतच नव्हतं. थेंब नाकात उतरू नये म्हणून काही करता येतं?

रात्रपाळी
येतं. खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब टाका. दोन टाकले तर दुसरा गालावर येतो. मग डोळा अलगद मिटा, उघडझाप नको, आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दाबून धरा. अश्रुनलिकेचं तोंड तिथेच असतं.

तिसरी घंटा
किती वेळ?

रात्रपाळी
दोन मिनिटं. दुसरं औषध टाकायचं असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर पहिलं धुऊन निघतं.